तिसरं ताट

१० जानेवारी ४४, सोम.

वर्गाला आज अकराच्या अकरा. सगळ्यांचे नवरे फौजेत. गेल्या पावसाळ्यात एकीच्या घरी तार आली, ती वाचायला मी गावात नव्हते (सांगलीला दादाकडं), तर दोन गल्ल्यांनी आधीच रडून घेतलं. मी येऊन वाचली तेव्हा निघाली बढतीची. तेव्हापासून बायका हटून बसल्या, "बाई, आमाला आमच्यापुरतं विंग्रजी शिकवा." साताऱ्याच्या फौजी कचेरीनं पाट्या दिल्या, खडू दिले, आणि दर महिन्याला रिपोर्ट मागितला. सोम-गुरु, माझी मुलींची शाळा सुटल्यावर, दुपारी तीन, धर्मशाळेचा ओटा.

रीत माझी स्वतःची. वाक्य शिकवायचंच नाही. तार, पार्सलवरची चिठ्ठी, फॉर्म, पत्ता, कुठंही बघा, नुसती नावं. नाव हा मधला खांब. त्याच्या आधी किती आणि कसलं, मागून कशाचं आणि कशासकट. 'वन ब्लॅक ब्लँकेट विथ ए होल.' एवढ्यावर इंग्रजांचं राज्य चाललंय असं मी सांगते आणि बायका विश्वास ठेवतात.

साखरानं आज पाटीवर लिहिलं, 'वन ओल्ड मदर-इन-लॉ विथ नो टीथ.' हसून पुरेवाट झाली. खडू संपत आलेत.

१३ जाने., गुरु.

उद्या संक्रांत, निम्म्याच आल्या. यमुना आली. बावीस-तेवीसची असेल, सगळ्यांत हुशार, सगळ्यांत कमी बोलणारी. घरात ती आणि सासू, दोघीच. नवरा शिवराम दसऱ्याला रजेवर आला होता, दिवाळी करून परत गेला.

वर्ग सुटल्यावर मागं राहिली. पाटीवर एक शब्द उतरवून आणलेला. "बाई, ह्येचा अर्थ काय?" ॲब्सेंट. म्हटलं, गैरहजर. कुठं वाचलास? "असाच." पदरानं पुसून टाकला.

मागच्या गुरुवारी असाच 'सेड' आणला होता. सदरहू. हा शब्द कुणाच्या पार्सलवर नसतो.

१७ जाने., सोम.

आज तिसरा. मोठा. व्हेअरअबाउट्स. अक्षरं मुंग्यांसारखी, पण एकही चुकलेलं नाही. ठावठिकाणा, असं सांगितलं. तिनं मान हलवली आणि उठली.

मला जोडाजोडीची सवय. संध्याकाळी भाकरी थापताना आपोआप जुळून आलं: 'प्रेझेंट व्हेअरअबाउट्स ऑफ द सेड सिपॉय.' सदरहू शिपायाचा सध्याचा ठावठिकाणा. सरकारी इंग्रजीत कुणी काही करतच नाही, नुसत्या बाबी असतात एकापुढं एक.

तिच्या घरी पलटणीचं पत्र आलंय. शिवराम परत पोचलाच नाही. बिचारी कुणाला दाखवत नाही, एकेक शब्द आणून विचारते. गुरुवारी सगळं पत्रच आण म्हणावं.

घरचा अभ्यास दिला: घरातल्या वस्तूंची यादी. जशी दिसते तशी लिहा. फुटकी असेल तर फुटकी, ओली असेल तर ओली. खोटं एक लिहायचं नाही.

२० जाने., गुरु.

नऊ याद्या आल्या. यमुनेची बावीस वस्तूंची, स्वच्छ. वर्गात वाचून दाखवली. 'वन लँटर्न विथ ए ब्रोकन ग्लास.' 'टू बास्केट्स ऑफ ओनियन्स.' 'थ्री ब्रास प्लेट्स, वॉश्ड.' 'वन पेअर ऑफ मेन्स चप्पल्स, वेट.' तो 'वॉश्ड' आणि 'वेट' मागं टाकणं मी अजून शिकवलेलंही नव्हतं. तिचं तिनं साधलं. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू.

रिपोर्टासाठी तीच यादी निवडली. माझ्या हातानं नक्कल केली, खाली तिचं नाव, गाव.

२१ जाने.

टपालात टाकली. साताऱ्याच्या कचेरीतले कॅप्टनसाहेब (पेन्शनर, पुढं क. सा.) खूश होतील.

२२ जाने.

दुपारी जेवून माझं एकटीचं ताट घासलं, उपडं घातलं, आणि हात तसाच राहिला.

दोघीजणी. तीन ताटं, धुतलेली. पुरुषाच्या चपला, ओल्या.

मी ओट्यावर उभी राहून ते मोठ्यानं वाचलं. शाबासकी दिली. पाठवलं. ओली असेल तर ओली लिहा, हेही मीच सांगितलं. माझ्यासारखी शहाणी बाई शोधून सापडायची नाही.

टपाल काल गेलं.

२४ जाने., सोम.

वर्गानंतर तिला थांबवलं. काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, यादीतलं तिसरं ताट. तिनं पदरानं पाटी पुसली. मग म्हणाली, "तुमीच म्हणला खोटं लिवायचं न्हाई."

निघताना म्हणाली, "घरला या, बाई. कुणाला तरी ठावं असू दे."

२६ जाने.

हळदीकुंकवांचे दिवस, घरोघर बायकांची ये-जा. मला कुणी बोलवत नाही, विधवेला कशाला बोलवतील. त्याचा एक फायदा, मी कुठं जाते इकडं कुणाचं लक्ष नसतं. पाटी परत करायच्या निमित्तानं दुपारी गेले.

शिवराम माळ्यावरून उतरला. वाळलाय. मला नमस्कार केला, शाळकरी मुलासारखा कोपऱ्यात उभा राहिला. पलटणीच्या गाडीत बसला होता म्हणे, पुढच्या स्टेशनावर उतरून चालत परत आला. दिवाळीपासून घरात आहे. गावात कुणालाही माहीत नाही.

"भ्यालो न्हाई, बाई," म्हणाला. मी विचारलंच नव्हतं. मग, "भ्यालोय. खोटं कशाला बोलू."

कुणी आलं की सोप्यातल्या पेवात उतरतो. जमिनीत खणलेलं ज्वारीचं पेव, जुना दाणा संपत आलेला, तळाला थोडा. वर फरशी, जमिनीच्या बरोबरीनं. म्हाताऱ्या सासूनं मला रीत दाखवली. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. "कंदील इझला तर मानसानं उतरायचं न्हाई. आत वाईट हवा असती." तो उतरल्यावर फरशी ठेवायची, पण कडेला एक खडा घालून बोटभर फट सोडायची. वरून सूप टाकायचं. "फट ऱ्हायली पायजे बगा. सासूबाईचा दीर असाच ग्येलेला, धान काडाय उतारला आन वर आलाच न्हाई."

धनगराचा एक माणूस आहे, शिवरामचा बालमित्र, मेंढरं घेऊन माणदेशाकडं फिरतो. महाशिवरात्रीच्या सुमाराला इकडून जाईल, तेव्हा त्याच्याबरोबर घोंगडं पांघरून निघायचं. तेवढे दिवस काढायचे आहेत.

यमुनेनं पत्र दिलं. उत्तर मी लिहिलं, तिच्या वतीनं. सदरहू शिपायाचा ठावठिकाणा ठाऊक नाही. तो तीन हातांवर बसून भाकरी खात होता. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत खोटं लिहिलं, आणि एकही चूक झाली नाही.

३१ जाने., सोम.

क. सा. यांचं पत्र. यादीनं ते फार प्रभावित झालेत. साहेबलोकांनाही वाचून दाखवली. १७ फेब्रुवारीला स्वतः गावात येणार, या आदर्श वीरपत्नीच्या घरी बसणार, आणि यादीतली एकेक वस्तू डोळ्यांनी बघणार.

पत्र तीनदा वाचलं. त्यांना काही कळलंय की नुसतं कौतुक आहे, ते एकाही ओळीत सापडत नाही.

३ फेब्रु., गुरु.

लिहून कळवलं की यमुनेची प्रकृती बरी नसते, साखराबाईचं घर जास्त पाहण्यासारखं आहे. साखराच्या सासूला दात नसल्याचा उल्लेख टाळला.

८ फेब्रु.

उत्तर आलं. यमुनेचंच घर. प्रकृती बरी नसेल तर येताना डॉक्टर आणू का, असं विचारलंय. घाईनं उलट टपाली लिहिलं की आता बरी आहे.

पाटलांनाही परस्पर पत्र गेलंय. पाटील हर्षभरित. कॅप्टन गावात यायची ही पहिलीच खेप.

१० फेब्रु., गुरु.

यमुनेला म्हटलं, त्याला आताच कुठंतरी हलवा. "कुटं हलवू, बाई? गावात ज्यो त्यो आमच्याच दारात हाय. कुनी भित्ताडं सारवतंय, कुनी चौकट रंगवाय आलंय. मान्सं लय चांगली हायत." हे शेवटचं ती रडवेली होऊन म्हणाली.

तो दिवसभर पेवात, अंधार पडला की वर. तिनं यादी पुन्हा लिहिली होती, ताटं दोन आणि चपला नाहीत. मी म्हटलं, पहिली साहेबांच्या खिशात आहे. ती यादी चुलीत घाल.

१४ फेब्रु., सोम.

वर्ग घेतलाच नाही. सगळ्या यमुनेकडं. कुणी पितळी घासतंय, कुणी सतरंजी आणतंय. साखरा म्हणते, साहेबाला कुठं खड्डा, खडा लागता कामा नये. हे लिहून तरी काय होणार.

१७ फेब्रु., गुरु. कोरेगावात लिहिते आहे

हात थांबत नाही. क्रमानं लिहिते.

नऊला पोचले. पहाटे गडबड व्हायच्या आत तो खाली उतरला होता. कंदील सोडला, विझला नाही, फरशीखाली खडा घातला, सगळं रीतसर. मग यमुना विहिरीवर गेली. तेवढ्यात साखरा आणि दोघी-तिघी शेणाची पाटी घेऊन आल्या. सोपा काल सारवलेला, तरी आज ताजा हात फिरवू म्हणाल्या. फरशी एका कडेला उचललेली दिसली. साहेबाला ठेच लागंल म्हणून साखरानं खडा काढला, फरशी नीट बसवली, आणि वरून सारवलं. कडा बोटानं लिंपल्या. वर रांगोळी काढली, कमळाची.

म्हातारी तुळशीपाशी बसून हे बघत होती. काय बोलणार. चार बायकांसमोर 'फट राहू द्या' म्हणायला कारण काय सांगणार.

मी आले तेव्हा रांगोळीत रंग भरणं चाललं होतं. यमुना घागर घेऊन दारात आली. तिनं जमिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. घागर उतरवायची विसरली.

बायका हलतील, मग कडेनं उकरता येईल, असं मनात धरलं. मोटार तेवढ्यात आली. क. सा., पाटील, आणखी दोघे. सतरंजी पाटलांनी स्वतः अंथरली. रांगोळी मोडू नये म्हणून थोडी बाजूला, पण तक्क्या टेकायला ठेवला तो फरशीच्या कडेवरच. क. सा. टेकून बसले.

यादी खिशातून काढली. माझी नक्कल, माझं अक्षर. एकेक वस्तू वाचायची, यमुनेनं आणून दाखवायची. कांद्याच्या पाट्या. फुटक्या काचेचा कंदील. प्रत्येक वस्तूला त्यांनी टाळी वाजवली. मग 'थ्री ब्रास प्लेट्स.' त्यांनी मान वर केली. "घरात तुम्ही दोघीच ना? मग तिसरं ताट कुणाचं?"

म्हातारी उठून आली. "पाव्हन्याचं," म्हणाली. "आज तुमचं."

पाटील खूश. क. सा. हसले. पुढची ओळ. "आणि या ओल्या चपला?"

यमुना आत गेली, चपला घेऊन आली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "त्येंच्या हायत. रोज धुती. वाळत घालती. येतील तवा धूळ नसावी."

क. सा. यांनी टोपी काढली. डोळे पुसले. खोटे नव्हते त्यांचे अश्रू, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. नुसतं कौतुकच होतं. चांगला माणूस आहे, आणि चांगुलपणानं तो बसून राहिला. चहा झाला. पोहे झाले. पहिल्या लढाईत आपली पत्नीही अशीच वाट बघत होती, ती सगळी हकिकत झाली, मुलांच्या नावांसकट. ऊन ओट्यावरून उंबऱ्यात आलं.

मी दोनदा म्हटलं, साहेब, शाळेत मुली खोळंबल्या आहेत. "बसा हो बाई. अशी घरं रोज कुठं बघायला मिळतात."

यमुना खांबाला टेकून उभी होती. पायाच्या अंगठ्यानं फरशीची कड उकरत होती, कुणाला दिसणार नाही असं, थोडं थोडं. साखरानं ते बघितलं आणि तिच्या दंडावर चापट मारली. "आगं, नवं सारवान हाय, उकरू नगंस." यमुना थांबली. मग पुन्हा. ओलं शेण, वाळत चाललेलं. फट पडली की नाही, मला तक्क्याआडून दिसलं नाही.

मला एक वाक्य बोलता आलं असतं. फरशी उघडा, आत माणूस आहे. तो जिवंत वर आला असता आणि तिथूनच बेड्या घालून नेला असता. पुढं गोळी घालतात की तुरुंग, मला माहीत नाही. यमुना माझ्याकडं बघत होती. बोल म्हणत होती की बोलू नको, ते मी ठरवलं नाही. मी गप्प बसले, कारण गप्प बसणं सोपं होतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

क. सा. उठले तेव्हा सोप्यात ऊन पसरलं होतं. मी मागं राहणार तर क. सा. म्हणाले, बाई, तुम्ही मोटारीत चला, कोरेगावच्या बायकांना तुमची पद्धत सांगायची आहे. पाटलांनी हाताला धरल्यासारखं बसवलं. मागं वळून बघितलं तर दारात बायकांची गर्दी, रांगोळी बघायला थांबलेल्या. कुणी हलत नव्हतं.

कोरेगावात मी नामांवर तासभर बोलले म्हणे. एक शब्द आठवत नाही.

१८ फेब्रु.

दुपारी परत. थेट तिच्याकडं. म्हातारी सोप्यात ज्वारी पाखडत बसलेली. यमुना? "रानात ग्येलीया."

फरशीच्या चारी कडा लिंपलेल्या. कालच्या शेणाचं नव्हे, मातीचं जाड लिंपण, हात फिरवून गुळगुळीत केलेलं. रांगोळी पुसलेली.

मी उभीच. म्हातारीनं सूप थांबवलं नाही. "प्येव बंद केलं, बाई. आता सुगी हुईपातूर उघडायचं न्हाई."

आणि तो? हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. तिनंही आपण होऊन काही सांगितलं नाही. धनगर लवकर आला असेल. अंगठ्यानं फट पडली असेल. पाणी मागितलं, प्यायले, आले.

२१ फेब्रु., सोम.

शिवरात्र. यमुना वर्गाला नाही. साखरा सांगत होती, काल मेंढरांचा कळप गावाबाहेरून गेला, मोठा होता. बरोबर किती माणसं होती, मी विचारलं. "मान्सं कोन मोजतंय, बाई."

२४ फेब्रु., गुरु.

यमुना आली. नेहमीच्या जागी बसली. नेहमीचं लुगडं. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

कुंकू होतं. रुपयाएवढं, ठसठशीत. मी अख्खा तास त्या कुंकवाकडं बघत होते. माझं कपाळ गावाला लांबून वाचता येतं. तिचं मला वाचता येईना. तो मेंढरांमागं चालत असेल तर तिनं कुंकू लावायचं. आणि तो त्या फरशीखाली असेल तरीही लावायचंच, रोज, जन्मभर, कारण कागदावर तो नुसता गैरहजर आहे. रडायचीसुद्धा सोय नाही.

सगळ्यांच्या नव्या याद्या तपासल्या. तिची एकवीस वस्तूंची. 'टू ब्रास प्लेट्स, वॉश्ड.' चपला नाहीत. घालून गेला तरी नसणार. दुसऱ्या कशानंही नसणार.

वर्ग सुटल्यावर मागं राहिली. पदरातून पत्र काढलं. पलटणीचं दुसरं पत्र, स्मरणपत्र. तेच शब्द, त्याच क्रमानं. आता तिला ते स्वतः वाचता येतं.

"लिवा, बाई," म्हणाली. "ठावं न्हाई म्हनून लिवा."

मी तिच्याकडं बघितलं. विचारायचं ते विचारलं नाही. ती दौत धरून शेजारी उभी राहिली, हात अजिबात हलत नव्हता.

लिहिलं. सदरहू शिपायाचा सध्याचा ठावठिकाणा ठाऊक नाही. मागच्या महिन्यात लिहिलं होतं तेच, अक्षर न अक्षर. आज ते माझ्यापुरतं खरं होतं. तिनं शाई फुंकून वाळवली, घडी घातली, आणि सोमवारी खडू आणायचे का म्हणून विचारलं.